वाराणसीचे पिचर : वेग सापडला, खेळाचे काय?

मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनाने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांच्या समावेशाला मान्यता दिली. भारतात चर्चा झाली ती अर्थातच क्रिकेटची. त्याच यादीत बेसबॉलचेही नाव होते, पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वास्तविक या खेळाशी भारताचा एक नाट्यपूर्ण संबंध येऊन गेला आहे आणि त्याचे केंद्र वाराणसी परिसर हे होते. त्या प्रकरणाकडे आज मागे वळून पाहिले, तर गुणवत्ता शोधणे आणि खेळाडू घडवणे या दोन गोष्टींत किती अंतर असते, हे स्पष्ट होते.

रिंकू सिंग हा भदोही जिल्ह्यातील एका ट्रकचालकाचा मुलगा. दिनेश पटेल हा वाराणसी जिल्ह्यातला. १९९४ पर्यंत भदोही हाही वाराणसी जिल्ह्याचाच भाग होता. दोघेही लखनऊच्या गुरू गोविंदसिंग क्रीडा महाविद्यालयात भालाफेकीचा सराव करत होते. अॅथलेटिक्समध्ये स्वतंत्र भारताला तोवर एकही ऑलिंपिक पदक मिळालेले नव्हते. अशा काळात भालाफेकपटूपुढे फार तर सैन्यातील किंवा एखाद्या सरकारी खात्यातील नोकरीची आशा असे.

अशा वेळी अमेरिकेतील क्रीडा व्यवस्थापक जे. बी. बर्नस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा आणली. कल्पना साधी होती. क्रिकेटवेड्या देशात वेगाने चेंडू फेकणारे हात असणारच, ते शोधून त्यांना बेसबॉलचे पिचर बनवायचे. तीस हजारांहून अधिक तरुणांनी या स्पर्धेत नशीब अजमावले. वेग आणि अचूकता यांची अट पूर्ण करणाऱ्यासाठी ठेवलेले दहा लाख डॉलरचे मुख्य बक्षीस कोणालाही मिळाले नाही. मात्र ताशी ८७ मैल, म्हणजे सुमारे १४० किलोमीटर वेगाने चेंडू टाकणाऱ्या रिंकूने पहिला क्रमांक आणि एक लाख डॉलर पटकावले. दिनेश दुसरा आला. त्यापूर्वी दोघेही कधी बेसबॉल खेळलेले नव्हते.

भालाफेकपटू का जिंकले?

क्रिकेटच्या देशातील या स्पर्धेत दोन भालाफेकपटूंनी बाजी मारली, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. क्रिकेटच्या गोलंदाजाला कोपर ठरावीक मर्यादेपलीकडे सरळ करण्याची मुभा नसते. पंधरा अंशांच्या पुढे ती 'फेक' ठरते. बेसबॉलमध्ये मात्र कोपरात वाकवलेला हात झटक्यात सरळ करण्यातूनच चेंडूला गती मिळते. भालाफेकीतील हाताची हालचाल या क्रियेच्या अधिक जवळची आहे. लॉस एंजेलिसमध्ये प्रशिक्षक टॉम हाऊस यांनी याच पायावर दोघांना काही महिन्यांत तयार केले. २४ नोव्हेंबर २००८ रोजी पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने दोघांनाही करारबद्ध केले. मेजर लीगमधील एखाद्या संघटनेशी करार करणारे ते पहिले भारतीय ठरले.

डिस्ने कंपनीने २०१४ मध्ये याच कथेवर 'मिलियन डॉलर आर्म' हा चित्रपट काढला. चित्रपटाची सांगता कराराच्या आनंदात होते. प्रत्यक्षात दोघांच्या कारकिर्दीची सुरुवात त्या क्षणापासून झाली.

पायऱ्यांची चढण

अमेरिकेत मेजर लीग संघाशी करार झाला म्हणजे खेळाडू मेजर लीगमध्ये पोहोचला असे होत नाही. त्याखाली मायनर लीगच्या अनेक पायऱ्या असतात. २००९ मध्ये सर्वांत खालच्या, नवोदितांच्या लीगमध्ये दोघांनी पदार्पण केले. त्याच वर्षी १३ जुलै रोजी रिंकूच्या नावावर अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमधील पहिला भारतीय विजय नोंदला गेला. मात्र दिनेशला २०१० च्या अखेरीस संघाने मुक्त केले आणि तो भारतात परतला.

रिंकूने चिकाटी सोडली नाही. ऑस्ट्रेलियातील लीगमध्ये तो कॅनबेराकडून खेळला. २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या मायनर लीग संघासाठी त्याने ३९ सामन्यांत चेंडूफेक केली. ज्याने काही वर्षांपूर्वी चेंडू हातातही धरला नव्हता, त्याच्यासाठी ही कामगिरी नगण्य म्हणता येणार नाही. पण २०१३ पासून दुखापतींनी त्याला घेरले आणि मेजर लीगपर्यंतच्या पायऱ्या तशाच राहिल्या. जानेवारी २०१८ मध्ये त्याने डब्ल्यूडब्ल्यूई या व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीशी करार केला. 'वीर महान' या नावाने तो घराघरांत पोहोचला. २०२४ मध्ये तोही अध्याय संपला.

कॅचरचा धडा

हे अपयश म्हणावे का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पिचरकडून नजर काढून त्याच्या समोर, फलंदाजाच्या मागे उकिडव्या बसलेल्या कॅचरकडे पाहावे लागेल. क्रिकेटच्या यष्टिरक्षकाशी त्याचे साम्य वरवरचे आहे. पुढचा चेंडू कोणता आणि कुठे टाकायचा, हे बहुधा कॅचर सुचवतो. पूर्वी हे काम केवळ बोटांच्या खुणांनी चाले. २०२२ पासून मेजर लीगमध्ये इलेक्ट्रॉनिक उपकरणाचीही परवानगी आहे. प्रत्येक फलंदाजाची दुबळी बाजू लक्षात ठेवणे, तळ चोरू पाहणाऱ्या धावपटूला रोखणे, ढासळणाऱ्या पिचरला सावरणे ही सारी त्याचीच कामे. ही समज यंत्राने मोजता येत नाही. ती हजारो चेंडू झेलूनच येते.

मेक्सिकोचा अलेहांद्रो कर्क हे याचे बोलके उदाहरण. तिहुआना शहरात १९९८ मध्ये जन्मलेल्या कर्कची उंची जेमतेम पाच फूट आठ इंच आणि बांधा स्थूल. केवळ देहयष्टी पाहून त्याला कोणी निवडले असते असे वाटत नाही. तरीही २०१६ मध्ये टोरोंटो ब्लू जेजने त्याला करारबद्ध केले. २०२० मध्ये त्याने मेजर लीगमध्ये पदार्पण केले आणि २०२२ मध्ये तो ऑल-स्टार सामन्यात कॅचर म्हणून खेळला. २०२५ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये निर्णायक सातव्या सामन्यापर्यंत झुंजलेल्या टोरोंटोचा कॅचर तोच होता.

कर्कच्या मागे एक परंपरा उभी आहे. मेक्सिकोतील व्यावसायिक लीग १९२५ पासूनची. सोनोरा राज्यातील एका छोट्या गावातून आलेल्या फर्नांडो वॅलेंझुएलाने १९८१ च्या एकाच मोसमात सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम पिचर असे दोन्ही सन्मान मिळवले, तेव्हापासून तर तेथील मुलांना मेजर लीगची वाट अनोळखी राहिली नाही. गल्लीतील मैदान, स्थानिक संघ, देशी लीग आणि मग परदेश असा तो प्रवास आहे. रिंकू आणि दिनेश यांना मात्र थेट शेवटच्या टप्प्यावर नेऊन उभे केले गेले. विसाव्या वर्षाच्या आसपास खेळाचे नियम, इंग्रजी भाषा आणि परका देश हे सारे त्यांना एकाच वेळी शिकावे लागले.

म्हणूनच कमी पडली ती या दोघांची गुणवत्ता नव्हे. एका स्पर्धेतून वेगवान हात सापडू शकतो, कॅचर सापडू शकत नाही, आणि ज्या देशात कॅचर घडत नाहीत तेथे पिचरही एकाकी ठरतो.

याच्या उलट चित्र भालाफेकीतच दिसले. नीरज चोप्राने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. त्यामागे त्याची असामान्य क्षमता होती, तसेच परदेशी प्रशिक्षक, दुखापतीनंतरचे उपचार आणि वर्षानुवर्षांचे पाठबळही होते. रिंकू आणि दिनेश ज्या खेळातून बाहेर पडले, त्याच खेळाला पुढे अशी व्यवस्था लाभली.

मेजर लीग बेसबॉलने २०१९ मध्ये नवी दिल्लीत कार्यालय सुरू केले आणि शाळांमधून खेळ रुजवण्याकडे लक्ष वळवले. हा मार्ग संथ आहे, त्यात झगमगाट नाही. परंतु मोठ्या बक्षिसाच्या एका स्पर्धेपेक्षा तोच अधिक खात्रीचा आहे. बेसबॉलच नव्हे, तर दूरचित्रवाणीवरील गुणवत्ता-शोधाच्या मोहात पडणाऱ्या प्रत्येक खेळाने वाराणसीच्या या दोन तरुणांची कहाणी ध्यानात ठेवावी. त्यांनी आपल्या वाट्याचे काम चोख बजावले होते. झेलायला समोर कोणी असावे, ही जबाबदारी त्यांची नव्हती.