विश्लेषण : आकाशगंगेत तारे इतके सावकाश का जन्मतात?

आपल्या आकाशगंगेत वर्षाला जेमतेम दोन सूर्यांच्या वस्तुमानाएवढे तारे तयार होतात. त्यासाठी लागणारा थंड वायू मात्र सुमारे १०० कोटी सूर्यांएवढा आहे. नुसत्या गुरुत्वाकर्षणावर सोडले, तर हा वेग किमान शंभरपट असता. मग अडते कुठे? वायूतील खळबळ, चुंबकीय क्षेत्र आणि नवजात ताऱ्यांचा मारा हे संशयित. कोणाचा वाटा किती, यावर एकमत नाही.

मृगातील तेजोमेघ जवळचा, म्हणून अभ्यास तिथेच जास्त झाला. पण एका गावावरून देशाची जनगणना कशी होणार? २००९ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘हर्शेल’ने आकाशगंगेची चकती दूर-अवरक्त किरणांत टिपली, ताऱ्यांचा गर्भ असलेली अतिथंड धूळ त्यातच उजळते. चिलीतील ‘अल्मा’ दुर्बिणीने अशा हजारहून अधिक वायुपुंजांचे अंतरंग न्याहाळले. खरा पेच आकाशगंगेच्या केंद्रापाशी आहे. तिथे दाट वायू मुबलक, तरी तारे अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे.