घरचा जमाखर्च : खेळाचें यंत्र आणि विजेचें बिल

एकत्र कुटुंबांत ज्या गोष्टींवरून कुरबूर होते त्यांची यादी आमच्या आजोबांच्या काळीं दूध, तूप व पाहुणे एवढ्यांतच आटोपत असे. आतां तींत विजेच्या बिलाची भर पडली आहे. मीटर एक, खोल्या सहा आणि बटणें दाबणारीं माणसें अकरा. मग बिल फुगलें कीं तें कोणामुळें, हा प्रश्न निघाल्यावांचून राहत नाहीं. गेल्या मे महिन्यांत आमच्या घरीं असाच प्रसंग उद्भवला. त्यांत आमच्या हातून एक अन्याय घडला. तो कसा उमगला हें वाचकांपुढें मांडणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

फेब्रुवारीच्या बिलांत ३२० युनिट होते; मेच्या बिलांत ते ५३० झाले. घरचा हिशेब थोरले बंधू पाहतात. बिल हातीं घेऊन ते दिवाणखान्यांत आले, तेव्हां त्यांचा धाकटा, सोळा वर्षांचा मुलगा, सुटीचा लाभ घेऊन प्लेस्टेशन ५ या यंत्रापुढें बसला होता. आरोपी समोरच सांपडल्यावर साक्षीपुराव्याची गरज कोणास वाटणार? यंत्र कपाटांत गेलें व किल्ली आम्हीं आमच्या खिशांत घातली. “याच्या खेळापायींच आपण पांचशेंच्या वर गेलों,” हें वाक्यही आमचेंच. मुलगा कांहीं बोलला नाहीं. आमच्या मातोश्रींनीं मात्र रात्रीं जेवतांना सहज विचारलें, “मोजून पाहिलंस का रे?”

मोजून कोणींच पाहिलें नव्हतें. मातोश्रींच्या प्रश्नाला उत्तर नव्हतें, म्हणून दुसऱ्या दिवशीं भिंतींतील सॉकेट व यंत्र यांच्यामध्यें लावावयाचें एक छोटें मीटर आणविलें, यंत्र कपाटांतून काढलें, आणि आठ दिवस वही घेऊन बसलों.

येथें युनिट म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे, कारण बिल भरणारांपैकीं पुष्कळांस तें ठाऊक नसतें. एक हजार वॅटचें उपकरण एक तास चालविलें कीं एक युनिट होतो. म्हणून उपकरणाचे वॅट, रोजचे तास व महिन्याचे दिवस यांचा गुणाकार करून हजारानें भागावें. उत्तर युनिटांत येतें. एवढें गणित ज्या घरीं येतें, तेथें निम्मीं भांडणें सुरूच होणार नाहींत.

जोरकस खेळ चालू असतां प्लेस्टेशन ५ सुमारें २०० वॅट घेतें. पडद्यावरील चित्र सेकंदास साठ वेळां, कांहीं खेळांत त्याहूनही अधिक वेळां, नव्यानें रेखाटावें लागतें. त्या आंकडेमोडीचा हा खर्च. ती सारी वीज अखेर उष्णता होऊन मागच्या झरोक्यांतून बाहेर पडते. आमच्या दूरचित्रवाणी संचाचे १०० वॅट निराळे. मुलगा सुटींत रोज सरासरी तीन तास खेळत होता. म्हणजे महिन्यास यंत्राचे १८ युनिट व संचाचे ९, एकूण २७. हिशेबाच्या सोयीसाठीं युनिटास १० रुपये धरले, तर २७० रुपये झाले. रक्कम अगदींच क्षुल्लक नव्हे. परंतु २१० युनिटांची वाढ तिनें उलगडत नाहीं.

मग बाकीचे युनिट कोणाचे? एका रात्रीं निजण्यापूर्वीं व सकाळीं उठल्यावर आम्हीं घरचें मुख्य मीटर वाचलें. दुसऱ्या रात्रीं आमच्या खोलींतील वातानुकूलन यंत्र, जें एप्रिलांत आमच्याच आग्रहानें बसविलें होतें, तें बंद ठेवून पुन्हां वाचलें. फरक साडेपांच युनिटांचा निघाला. महिन्याच्या तीस रात्रींचे १६५ युनिट! पंख्यांच्या वाढत्या तासांनीं उरलेलें अंतर भरून निघालें. आरोपपत्र ज्यांनीं वाचलें, तेच खरे मोठे खर्चिक ठरले. दीड हजार वॅटच्या त्या यंत्राचा कंप्रेसर एक तास अखंड चालला, तर तेवढ्या विजेंत मुलाचा खेळ साडेसात तास चालतो.

“पांचशेंच्या वर” या आमच्या वाक्याचीही परीक्षा झाली. महावितरणच्या घरगुती ग्राहकांस १००, ३०० व ५०० युनिटांवर दराचे टप्पे आहेत, व वरच्या टप्प्याचा दर बराच चढा असतो. परंतु मर्यादा ओलांडली म्हणजे सगळेच युनिट चढ्या दरानें मोजले जातात, ही समजूत चुकीची आहे. चढा दर मर्यादेवरील युनिटांनाच लागतो. आमच्या बाबतींत अवघ्या ३० युनिटांना. मुलाचे २७ युनिट संपूर्ण वगळले तरी आंकडा ५०३ राहत होता. शिवाय शेवटचे ३० युनिट अमक्याचेच असें म्हणावयास आधार काय? मीटर युनिटांवर कोणाचें नांव लिहीत नाहीं.

मुलगा सर्वस्वी निर्दोष होता असें मात्र नाहीं. जेवावयास उठतांना तो खेळ “थांबवून” येई, आणि दोन रात्रीं तर तसाच सोडून निजला होता. खेळ थांबला म्हणजे वीज थांबली असें नव्हे. थांबविलेल्या खेळाचें चित्र पडद्यावर ठेवण्यासाठींही यंत्र पुष्कळदां जवळजवळ पूर्वीइतकीच वीज घेत राहतें. खेळांतून बाहेर पडून नुसत्या मुखपृष्ठावर ठेवलें तरी सुमारें ५० वॅट जातातच.

हा दोष जुना आहे. २००६ सालीं निघालेलें प्लेस्टेशन ३ रिकामें चालू असतांही सुमारें १५० वॅट घेत असे. तें रोज दोन तास वापरून बंद केल्यास वर्षास सुमारें ११० युनिट होत. अहोरात्र चालू ठेवल्यास १,३०० हून अधिक. अमेरिकेंतील नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या संस्थेनें २००८ सालीं अंदाज केला कीं, त्या देशांतील अशीं यंत्रें मिळून वर्षास १६ अब्ज युनिट वीज घेतात, म्हणजे जवळजवळ सॅन डिएगो शहराइतकी. त्यानंतर यंत्रें ठराविक वेळानें आपोआप झोपूं लागलीं. पण झोपेचेही प्रकार आहेत. एक्सबॉक्सच्या “निद्रा” अवस्थेंत १० ते १५ वॅट जातात, तर पूर्ण बंद अवस्थेंत अर्धा वॅट. दिवसाचे २२ तास १२ वॅटप्रमाणें महिन्यास जवळजवळ ८ युनिट होतात, व तेही कोणी न खेळतां. २०२३ सालीं मायक्रोसॉफ्टनें घरोघरच्या पुष्कळ यंत्रांची ही निवड स्वतःच बदलून काटकसरीची केली. ज्यांच्या घरीं निन्टेन्डो स्विच आहे त्यांनीं तर निश्चिंत राहावें. तें दूरचित्रवाणीस जोडूनही वीस वॅटांच्या आंत भागवितें. रोज तीन तासांचे महिन्यास दोन युनिटही होत नाहींत.

यावरून घरोघर पाळतां येण्याजोगे नियम थोडके आहेत. जेवावयास उठतांना खेळ जतन करून यंत्र झोपवावें. रात्रीं पूर्ण बंद करावें. यंत्राच्या निवडींत आपोआप बंद होण्याची मुदत कमींत कमी ठेवावी. चित्रपट व गाणीं पाहण्यासाठीं खेळाचें यंत्र लावूं नये. आजच्या दूरचित्रवाणी संचांत तीं बहुधा परस्पर दिसतात. यंत्राच्या मागें हवेस वाट ठेवावी व त्यावर विणलेले रुमाल घालूं नयेत.

आतां मूळ गोष्ट. किल्ली परत करतांना आम्हीं पुतण्यास हिशेबाची वही दाखविली. ती वाचून तो म्हणाला, “काका, सत्तावीस युनिट माझे आहेत. पण तुम्हांला खेळच आवडत नसेल, तर तसं सांगा ना.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, कारण तेंच खरें होतें. त्याच्या डोळ्यांची, अभ्यासाची, संध्याकाळीं मैदानावर न जाण्याची काळजी आम्हांस होती, आणि ती सरळ बोलण्याऐवजीं आम्हीं बिलाचा आडोसा घेतला. बिलाचें उत्तर गणितानें मिळतें. काळजीचें मिळत नाहीं, ती समोरासमोर बसूनच बोलावी लागते. त्या संध्याकाळीं आम्ही तसे बसलों. खेळ दीड तासावर आला. आमच्या वातानुकूलन यंत्राचें बटणही मध्यरात्रीनंतर बंद होऊं लागलें.

जूनचें बिल थोरल्या बंधूंनीं दिवाणखान्यांतच उघडलें, पण या वेळीं वही अगोदर मागविली. वडीलधाऱ्यांनीं दोष देण्यापूर्वीं एकदां मोजावें, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.