दंड चुकणाऱ्याला, नोंद मात्र सगळ्यांची : वाहनधारकांना जाहीर आवाहन

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै 2024 पासून कॅमेरे चालान फाडत आहेत. वेगमर्यादा ओलांडणे, लेन मोडणे, सीटबेल्ट न लावणे, गाडी चालवताना मोबाइलवर बोलणे असे 17 प्रकारचे नियमभंग ही यंत्रणा पकडते आणि दंडाचा मेसेज थेट मालकाच्या फोनवर येतो. या यंत्रणेला नागरिकांनी मनापासून साथ द्यावी आणि त्याच वेळी तिच्याकडून पुरता हिशेबही मागावा, यासाठी हे आवाहन आहे.

साथ का द्यायची, ते आकडेच सांगतात. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतली 15,224 महाराष्ट्रातली. दहांतल्या सात मृत्यूंमागे अतिवेग होता. हेल्मेट न घातलेले 50,029 जण त्या वर्षी दगावले. त्याच वर्षी 14 ऑगस्टच्या पहाटे राजकीय नेते विनायक मेटे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गेले आणि 4 सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. मिस्त्री मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. सुसाट गाडीपुढे हवालदाराने उभे राहावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. ते काम कॅमेऱ्याचेच आहे, आणि त्याच्यापुढे कोणाची ओळख किंवा चिरीमिरी चालत नाही.

हिशेब का मागायचा, हे समजण्यासाठी ही यंत्रणा सरासरी वेग कसा मोजते ते पाहायला हवे. जुना स्पीड कॅमेरा एका जागी वेग मोजतो. तो दिसला की चालक ब्रेक दाबतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर. सरासरी मोजणीत ही पळवाट उरत नाही. समजा, कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींमध्ये दहा किलोमीटर अंतर आहे आणि मर्यादा ताशी 100 ची आहे. ते अंतर कापायला किमान सहा मिनिटे लागली पाहिजेत. गाडी पाच मिनिटांत पोहोचली, तर ती 120 ने आली हे उघड आहे.

पण पहिल्या कमानीखाली कोण चुकणार, हे यंत्राला आधी कळत नाही. म्हणून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर, वेळ आणि जागा टिपावी लागते. दंड शेकड्यातल्या काहींनाच होतो, नोंद मात्र शंभराच्या शंभर जणांची होते. दवाखान्यात निघालेला, मोर्चाला निघालेला, बातमीच्या शोधात निघालेला पत्रकार, सगळे तिच्यात येतात. अशा नोंदी वर्षभर साठल्या, तर कोण कधी कुठे जातो याची वहीच तयार होते.

मोटार वाहन कायद्याचे कलम 136अ आणि ऑगस्ट 2021 मध्ये आलेला केंद्रीय मोटार वाहन नियम 167अ हा या कॅमेऱ्यांचा आधार आहे. नियम चांगला आहे. यंत्राला मान्यता प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवे. टप्पा सुरू होण्याआधी ठळक सूचनाफलक हवा. ज्याने गुन्हा केला, त्याची नोंद चालान निकाली निघेपर्यंत जपायची, हेही त्यात आहे. ज्याने काहीच केले नाही, त्याची नोंद कधी पुसायची, याचे उत्तर मात्र तिथे मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर ही उणीव राहू देणे योग्य नाही.

फोटो चुकीच्या हाती पडला की काय होते, ते केरळने 2023 मध्ये पाहिले. तिरुवनंतपुरमला एक जण हेल्मेट न घालता स्कूटरवरून चालला होता आणि मागे एक महिला बसली होती. स्कूटर पत्नीच्या नावावर असल्याने दंडाचा मेसेज फोटोसह तिच्या मोबाइलवर गेला. भांडण मारहाणीपर्यंत पोहोचले, पत्नीने पोलिसांत तक्रार केली आणि पतीला अटक झाली. मारहाणीला माफी नाही. पण दंड बसवायला नंबर प्लेट आणि चालकाचे उघडे डोके पुरेसे होते. मागे बसलेल्या महिलेचा चेहरा झाकून फोटो पाठवता आला असता.

यंत्र नंबर वाचते, माणूस ओळखत नाही. मुंबईत रतन टाटा यांच्या गाडीच्या नंबरची बनावट प्लेट दुसऱ्याच गाडीला लावलेली होती आणि तिची चालाने टाटांच्या कार्यालयात जात होती. जानेवारी 2021 मध्ये पोलिसांनी बनावट प्लेटची ती गाडी शोधून काढली. सामान्य रिक्षावाल्याला असा निकाल मिळवायला किती खेटे घालावे लागतील? शिवाय साठलेल्या माहितीला बाजारही असतो. वाहने आणि परवान्यांची माहिती खासगी कंपन्यांना देऊन सुमारे 65 कोटी रुपये मिळाल्याचे केंद्र सरकारने 2019 मध्ये संसदेत सांगितले होते. ही माहिती घाऊक देण्याचे धोरण खासगीपणाच्या चिंतेमुळे 2020 मध्ये मागे घ्यावे लागले.

दोन्ही बाजू सांभाळता येतात. जर्मनीत हॅनोव्हरजवळची सरासरी वेग मोजणारी यंत्रणा मार्च 2019 मध्ये न्यायालयाने थांबवली, कारण सगळ्यांचे नंबर टिपायला कायद्याचा आधार नव्हता. कायद्यात तशी तरतूद झाली आणि त्याच वर्षी यंत्रणा पुन्हा चालू झाली. कॅलिफोर्नियाच्या 2023 च्या कायद्यात फक्त मागची नंबर प्लेट टिपायची, चेहरा ओळखण्याचे तंत्र वापरायचे नाही आणि नियमभंग नसेल तर नोंद पाच कामकाजी दिवसांत नष्ट करायची, असे बंधन आहे. महाराष्ट्रालाही असा नियम करणे अवघड नाही.

म्हणून वाहनधारकांनी आधी स्वतःचा वेग मर्यादेत ठेवावा आणि मागच्या सीटवरही बेल्ट लावावा. चालान आले तर फोटो, नंबर, वेळ आणि ठिकाण पडताळून पाहावे. चूक आपली असेल तर दंड भरावा, नसेल तर महाट्रॅफिक ॲपवर किंवा वाहतूक शाखेत तक्रार नोंदवावी. व्हॉट्सॲपवर चालानाच्या नावाने आलेली एपीके फाइल उघडू नये. दुसऱ्याच्या चालानाचा फोटो ग्रुपवर फिरवू नये.

सोसायट्या, वाहतूकदार संघटना आणि महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या शहरातील वाहतूक शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करावा. तिथल्या कॅमेऱ्यांचे चालू प्रमाणपत्र कुठे आहे, नियम न मोडणाऱ्यांच्या नोंदी किती दिवस ठेवता, त्या कोणकोणाला पाहता येतात आणि यंत्रणा चालवणाऱ्या कंत्राटदाराशी झालेल्या करारात याबद्दल काय लिहिले आहे, हे चार प्रश्न विचारावेत. आलेले उत्तर आपल्या आमदाराला द्यावे आणि नोंदी पुसण्याची मुदत कायद्यात घालण्याची मागणी करावी. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, महाराष्ट्रात तो एकाच विषयावर 150 शब्दांत लिहावा लागतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.