गहाण घर आणि तिऱ्हाइताचा अधिकार

अमेरिकेच्या दिवाळखोरीविषयक कायद्यात एक अशी विसंगती आहे की, ती प्रथमच वाचणाऱ्याला आपल्याच समजुतीत काही घोटाळा झाला असावा असे वाटावे. कर्जात बुडालेल्या गृहस्थाने हवापालटासाठी एखाद्या सरोवराकाठी दुसरे घर घेतले असेल आणि त्या घराची किंमत त्यावरील कर्जाहून खाली घसरली असेल, तर न्यायाधीशाला ते कर्ज घराच्या चालू किमतीइतके उतरवून देता येते. १९८६ पासून कुटुंबाच्या शेतीवाडीलाही अशीच सवलत आहे. परंतु ज्या घरात तो गृहस्थ बायकामुलांसह प्रत्यक्ष राहतो, नेमक्या त्याच घराच्या गहाणखताला न्यायाधीशाने हात लावावयाचा नाही, असे १९७८ च्या कायद्याने ठरवून टाकले आहे. मोठ्या शहरांतील घरांच्या किमती २००६ च्या शिखरावरून सुमारे तीस टक्क्यांनी कोसळल्या असताना, ३० एप्रिल २००९ रोजी, ही विसंगती दूर करणारी सिनेटर डिक डर्बिन यांची उपसूचना अमेरिकी सिनेटने ४५ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळली. त्या मंदीत घरे का गेली याची चर्चा करताना सट्टेबाज पेढ्या आणि बेफाम कर्जवाटप यांवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. माझ्या मते मात्र ती घरे वाचविण्याची जी योजना आधीच जाहीर झाली होती, तिचे भवितव्य या मतदानाने ठरले.

ती योजना राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी १८ फेब्रुवारी २००९ रोजी ॲरिझोनातील मेसा येथे मांडली. तीस ते चाळीस लाख कुटुंबांना हात द्यावयाचा, त्यांचा मासिक हप्ता उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणावयाचा, त्यासाठी व्याज दोन टक्क्यांपर्यंत उतरवावयाचे आणि गरज पडल्यास मुदत चाळीस वर्षांपर्यंत वाढवावयाची, असा तिचा आराखडा होता आणि कागदावर तो सुबकही होता. परंतु न्यायाधीशाला अधिकार नाकारला गेल्यावर त्याची अंमलबजावणी ज्यांच्या मर्जीवर उरली, त्या वसुली कारभाऱ्यांची, म्हणजे ज्यांना तिकडे सर्व्हिसर म्हणतात त्या कंपन्यांची, स्थिती मोठी चमत्कारिक होती. मूळ कर्जे केव्हाच गठ्ठे बांधून दूरदूरच्या गुंतवणूकदारांना विकली गेली होती; कारभाऱ्याचे काम हप्ते गोळा करून पुढे पाठविण्याचे, आणि त्याची मिळकत मेहनतान्याची, शिवाय थकबाकीवर लागणाऱ्या दंडाची व शुल्काची. कर्ज नव्याने बांधून देणे म्हणजे माणसे नेमणे, उत्पन्नाचे दाखले तपासणे, एकेका कुटुंबाची कैफियत ऐकणे. एवढ्या खटाटोपासाठी सरकारकडून मिळणारे बक्षीस दर कर्जामागे सुमारे हजार डॉलरचे. तेव्हा कागदपत्रे हरवली, पुन्हा मागविली गेली, पुन्हा हरवली. एका टेबलावर अर्जाचा विचार चालू असताना दुसऱ्या टेबलावरून त्याच घराच्या लिलावाची तारीख पडू लागली. आणि न वाचताच हजारो प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या जात असल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले, त्याची परिणती २०१२ मध्ये पाच बड्या कंपन्यांशी ४९ राज्यांनी केलेल्या सुमारे २५ अब्ज डॉलरच्या तडजोडीत झाली. २०१६ च्या अखेरीस योजना बंद झाली, तेव्हा कायमस्वरूपी बदललेली कर्जे भरली सुमारे सतरा लाख. ज्याला घर बुडण्यात फारसे नुकसान नाही आणि वाचविण्यात फारसा लाभ नाही, अशाच्या हाती दोर देऊन बुडत्याला वर काढण्याची अपेक्षा केल्यावर आणखी काय निष्पन्न व्हावयाचे होते?

याच देशाने त्याच्या पाऊणशे वर्षे आधी हे काम अधिक शहाणपणाने केले होते. १९३३ साली तेथे दररोज सुमारे हजार घरे लिलावात निघत होती. त्या काळची गृहकर्जे तीन, पाच, फार तर दहा वर्षांची. बहुधा व्याजच तेवढे भरावयाचे, आणि मुदत संपली की सगळे मुद्दल एकदम, किंवा कर्जाचे नूतनीकरण. बँकाच बुडाल्यावर नूतनीकरण कोण करणार? १३ जून १९३३ रोजी रूझवेल्ट यांनी सही केलेल्या कायद्याने ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ नावाचे सरकारी महामंडळ उभे राहिले, आणि त्याने धनकोंची मनधरणी करण्याऐवजी त्यांचे गहाणच आपल्याकडे घेतले. धनकोला सरकारी रोखे द्यावयाचे आणि ऋणकोला पाच टक्के व्याजाने पंधरा वर्षांचे, मुद्दल हप्त्याहप्त्याने फिटत जाणारे नवे कर्ज बांधून द्यावयाचे, असा व्यवहार होता. आरंभी रोख्यांच्या केवळ व्याजाची हमी असल्याने धनको कां-कूं करीत होते. १९३४ मध्ये मुद्दलाचीही हमी मिळाली आणि गाडी चालू लागली. १९३६ पर्यंत सुमारे दहा लाख कर्जे आणि तीन अब्ज डॉलर, म्हणजे शहरी भागातील गहाण घरांपैकी दर पाचांमागे एक, एवढा हा पसारा होता. पुढे यांतील जवळजवळ पंचमांश कर्जे बुडालीच, आणि महामंडळाला ती घरे ताब्यात घ्यावी लागली. तरीही १९५१ साली त्याचे खाते थोड्याशा नफ्यात बंद झाले. या महामंडळाचा एक डाग लपविण्यात अर्थ नाही: त्याच्या अंमलदारांनी शहरांचे जे नकाशे काढले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या म्हणून तांबड्या रंगविल्या गेल्या, आणि संकटातून माणसे सोडविणाऱ्या दप्तरानेच माणसामाणसांतील भेदावर सरकारी मोहोर उमटविली.

१९३३ सालीच मिनेसोटा राज्याने वेगळी वाट काढली. तेथील कायद्याने लिलावात गेलेले घर सोडवून घेण्याची मुदत वाढविण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. मात्र तेवढ्या काळात मालकाने वाजवी भाड्याइतकी रक्कम भरीत राहिले पाहिजे, अशी अट घातली. मिनिॲपोलिसमधील एका जोडप्यासाठी न्यायालयाने ती महिना ४० डॉलर ठरविली आणि धनको संस्था थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. १९३४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने कायदा टिकला. फुकट राहू देणे आणि बेघर करणे यांच्या दरम्यान पुष्कळ जागा असते, एवढे या निकालाने मान्य केले.

अशा साहाय्याला होणारा विरोध केवळ सावकारांचा असतो, असे मानणे चूक ठरेल. ओबामांच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी शिकागोच्या वायदेबाजारातून एका दूरचित्रवाणी वार्ताहराने शेजाऱ्याचे हप्ते आम्ही का भरावे असा जो आक्रोश केला, तो देशभर पसरला, याचे कारण त्यात सत्याचा अंश होता. पोटाला चिमटा घेऊन जो वेळेवर हप्ते भरतो, त्याच्या तोंडावर थकबाकीदाराला सूट देणे कोणत्याही न्यायबुद्धीला खटकणारच. परंतु सक्तीच्या लिलावाने एका घराची किंमत पाडली की, त्या गल्लीतील प्रत्येक प्रामाणिक माणसाच्या घराची किंमत पडते; आणि ज्याने चैनीसाठी ऋण काढले तो व ज्याची नोकरी गेली तो, यांतील फरक सरसकट माफीत जितका पुसला जातो, तितकाच सरसकट जप्तीतही पुसला जातो. हा फरक पाहण्यासाठी कोणीतरी धनको आणि ऋणको दोघांनाही समोर बसवून हिशेब तपासावा लागतो. फिलाडेल्फिया शहरात २००८ पासून हेच होते: राहत्या घराचा लिलाव होण्यापूर्वी धनकोच्या वकिलाने आणि ऋणकोने न्यायालयाच्या देखरेखीखाली समोरासमोर बसावयाचे, ऋणकोच्या बाजूला गृहविषयक सल्लागार असावयाचा, आणि ही बैठक होईपर्यंत शेरीफने हातोडा उचलावयाचा नाही.

महाराष्ट्रीय वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले, आपल्याकडच्या कापसाचा भाव कोसळला, सावकारांनी हात आखडते घेतले, त्यातच सरकारी सारा वाढला. आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे रयतेने सावकारांची खतपत्रे जाळली. त्या दंग्यांतून निघालेला १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा प्रथम पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. खतावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता देण्याघेण्याचा इतिहास मुळापासून तपासावा आणि हप्ते बांधून द्यावेत, असा अधिकार त्याने न्यायाधीशाला दिला, आणि सलोखा करणाऱ्या पंचाचा दाखला असल्याखेरीज दावाच दाखल होऊ नये असे ठरविले. सावकारांनी गहाणाऐवजी साफ खरेदीखते लिहून घेऊन या कायद्याला बगल दिली, हेही खरे. बगल द्यावीशी वाटली, यावरून तो कोठे बोचत होता ते समजते.

आजचा आपला बँकांच्या कर्जवसुलीचा २००२ चा सरफेसी कायदा या बाबतीत अमेरिकेच्या विसंगतीचा भाऊच शोभतो. शेतजमिनीला तो लागू नाही. राहत्या घराला आहे. हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरते, साठ दिवसांची नोटीस निघते, आणि त्यानंतर कोणताही दावा न लावता बँक ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या मार्डिया केमिकल्स निकालानंतर कर्जदाराच्या हरकतीला सकारण उत्तर देण्याचे बंधन बँकेवर आले, आणि आता त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे. परंतु हरकत ऐकणारी बँक, उत्तर देणारी बँक आणि ताबा मागणारीही बँकच. तिऱ्हाईत भेटतो तो ऋणवसुली न्यायाधिकरणात, तोही बँकेने पाऊल उचलल्यावर, वकील आणि फी यांची सोय ज्याला करता येईल त्याला.

घरांच्या बाजारात मोठी पडझड झालेली नसताना, बँकेने पाऊल उचलण्याआधीच तिऱ्हाईत मध्ये आणण्याची दुरुस्ती करणे सोपे आहे. अमेरिकेने तशी दुरुस्ती वणवा पेटल्यावर करू पाहिली आणि सहा मतांनी हरली. साठ दिवसांच्या मुदतीतच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापुढे एक बैठक सक्तीची करावी, तीत बँकेचा निर्णय घेऊ शकेल असा अधिकारी हजर असावा, आणि मुदतवाढ, हप्त्यांची फेरबांधणी किंवा मालकाला स्वतः वाजवी किमतीत घर विकण्याची सवड यांपैकी काय शक्य आहे, ते पंचाने लेखी नोंदवावे. लोकअदालतीत बँका आजही थकबाकीची प्रकरणे नेतात, परंतु त्यांना वाटेल तेव्हा आणि वाटेल ती. यामुळे वसुली लांबेल, असा आक्षेप बँका घेतीलच. ते साठ दिवस कायद्याने आधीच दिलेले आहेत.