गैरहजर कोण?

बुधवार पेठेच्या दोन गोष्टी सांगतात. एक, 1 जानेवारी 1848 ला जोतिबा-सावित्रीमाईंनी भिडेवाड्यात पोरींची शाळा काढली. दुसरी सभ्य माणसं हळू आवाजात सांगतात. मी दोन्ही एकत्र सांगणार, कारण कोरोनाच्या साथीत त्या एकाच पोराच्या पाटीवर येऊन आदळल्या.

मार्च 2020 मध्ये शाळांना कुलपं लागली. पुण्यात पहिलीचा वर्ग उघडायला डिसेंबर 2021 उजाडला. जानेवारीत पुन्हा बंद. फर्मान काय? एका बाकावर एक पोर, मध्ये सहा फूट, पालकाचं संमतीपत्र. हजेरीची सक्ती नाही.

अंतराला माझी हरकत नाही. रोग श्वासातून येतो, हे विज्ञान आहे. पण अंतर ठेवायला जागा लागते. ज्या खोलीत आई धंदा करते, त्याच खोलीत पोरानं मोबाइलवर शाळा बघायची? सरकारला हे ठाऊक होतं. सप्टेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं या बायांना ओळखपत्र न मागता रेशन द्या म्हणून बजावलं. मग नोव्हेंबरात राज्य सरकारनं महिना 5000 रुपये, आणि शाळकरी पोरं असतील तर वर 2500, जाहीर केले. किती महिने? तीन! शाळा बंद पावणेदोन वर्षं!

आपल्याला अंतर नवं नाही. बाबासाहेब शाळेत गोणपाटावर वेगळे बसले. शिपाई नसला की नळाचं पाणी नाही. ते अंतर रोगाचं नव्हतं. म्हणून शाळा उघडल्यावर कोणाचं बाकडं वेगळंच राहिलं, नळावर कोणाला थांबवलं, हे आपणच बघायला पाहिजे.

1897 च्या प्लेगात सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात आली. त्याच प्लेगानं 10 मार्चला गेली. दवाखाना गावाबाहेरच होता. रोग्याला वेगळं ठेवलंच होतं, पण तिथवर उचलून आणलं होतं. वेगळं ठेवणं आणि वाऱ्यावर सोडणं, यातला फरक एवढाच.

साथीत सक्ती नको, कबूल. पण 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 8 वाचा. 'सक्तीचं शिक्षण' म्हणजे आईवर सक्ती नव्हे, सरकारवर सक्ती. दाखला, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण, तिन्ही सरकारनं बघायचं. पोर आलं नाही तर हजेरीपटावर फुली सरकारच्या नावापुढं मारली पाहिजे.

भिडेवाडा डिसेंबर 2023 मध्ये पाडला. तिथं स्मारक व्हायचंय. होऊ द्या. पण हार घेऊन जायच्या आधी आपापल्या वस्तीतल्या शाळेत जा. 2020 चा पट आणि पुढचे पट शेजारी ठेवा. गळालेली नावं काढा, त्यांच्या दारात जा. ज्यांचं वय अजून चौदाच्या आत आहे, त्यांना वयाप्रमाणे वर्ग आणि मागं पडलेल्या अभ्यासाची वेगळी शिकवणी देणं कलम 4 प्रमाणे शाळेला भाग आहे. मागून घ्या. नाही दिलं, तर शाळेच्या दारात बसा.