नाणे खेळातले, हिशेब खरा

आमच्या चाळीतल्या एका मुलाने 'ओल्ड स्कूल रुनस्केप' हा ऑनलाइन खेळ सुरू केला आणि चौथ्याच दिवशी खेळातली नाणी विकत घ्यायला आईकडे पैसे मागितले. माउली धुणीभांडी करते. आम्ही त्याला वही घेऊन बसवले.

खेळातल्या लम्ब्रिज गावी फ्रेड शेतकऱ्याच्या घरात कात्री फुकट मिळते. झोळीत २८ वस्तू मावतात. कात्री वगळता २७ मेंढ्यांची लोकर. किल्ल्यातल्या चरख्यावर तिचे सूत कातून गोळे करावेत आणि व्हॅरॉकजवळच्या 'ग्रँड एक्सचेंज' बाजारात विकावेत. मात्र आधी लोकर आणि गोळा, दोहोंचे भाव पाहावेत. फरक नसेल तर कातण्याचा वेळ वाया. आलेल्या नाण्यांतले थोडे भांडवल म्हणून राखावे.

"दे, दुप्पट करून देतो" म्हणणारा तिथेही भेटतो. त्याच्या हाती नाणे देऊ नये. बाहेरच्या दलालाकडून खऱ्या पैशाने नाणी घेणे नियमाविरुद्ध आहे. खाते कायमचे बंद होऊ शकते. म्हणजे पैसाही गेला, मेहनतही गेली.

पहिली खेप विकल्यावर पोराने वही आईला दाखवली. पालकहो, मुलांना खेळू द्या. पण जमाखर्च लिहायला लावा.