दिवा बदलण्याआधी टाकीत कोण राहतं ते पाहा

इस्लामपूर (आता ईश्वरपूर) आणि वाळवा तालुक्यात ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, आणि जुना दिवा काढून नवा, भारी एलईडी लावायचा विचार चालू आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. दिव्यांची चित्रं बघण्याआधी टाकीत कोण राहतं ते नीट बघा. दिवा त्यांच्यासाठी घ्यायचा आहे.

पोवळी आणि त्यांचे मऊ अंगाचे भाऊबंद यांच्या शरीरात सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला बराच वाटा यजमानाला देतात. प्रकाश कमी पडला तर हा जीव हळूहळू उपाशी पडतो. एकदम जास्त पडला तर शैवालांचं काम बिघडतं, घातक द्रव्यं तयार होतात आणि जीव त्या शैवालांनाच बाहेर काढतो. मग तो पांढरा पडतो. उपासमारीत सुधारायला आठवडे मिळतात, पण जादा प्रकाशाची इजा काही दिवसांत होते. म्हणून भीती बाळगायचीच तर जादा प्रकाशाची बाळगा.

आपल्याकडची बरीच मंडळी गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला जातात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकावून पोवळी बघून येतात. 1987 साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य तेच. तिथलं पाणी गढूळ असतं, पावसाळ्यात तर फारच. तरी तिथे पोवळी आहेत, कारण तिथल्या जाती कमी उजेडात निभावणाऱ्या आहेत. त्याच किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत, खोल समुद्रात, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेला आंग्रिया बँक हा बुडालेला पठारासारखा भाग आहे. तिथलं पाणी नितळ, पण माथाच सुमारे वीस मीटर खोल. इतक्या पाण्यातून तांबडा प्रकाश गळून जातो आणि उरतो तो मुख्यतः निळा. एकाच किनाऱ्यासमोरच्या समुद्रात उजेडाच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा आहेत. तेव्हा ‘पोवळ्यांना भरपूर प्रकाश लागतो’ एवढ्या ऐकीव माहितीवर दिवा घेऊ नका.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगतो. मालवणहून येताना किनाऱ्यावर पडलेला पोवळ्याचा तुकडासुद्धा खिशात घालू नका. टणक सांगाड्याची सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. वाघाला जे संरक्षण आहे ते यांना आहे, आणि शिक्षा कैदेची आहे. कुणी पुण्या-मुंबईहून ‘हार्ड कोरल’ मागवून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. घरच्या टाकीसाठी मशरूम, झोअँथिड, लेदर कोरल अशा मऊ जिवांवर समाधान माना आणि तेही पक्क्या बिलावर घ्या. टाकीतला खडक मृत प्रवाळाचा नको, घडवलेला सिरॅमिकचा घ्या. क्लाउनफिश बंदिस्त पाण्यात वाढवण्याचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केव्हाच विकसित केलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा हॅचरीतला मासा मागा. झोअँथिड हाताळताना हातमोजे घालाच. त्यांच्या काही जातींत फार जहाल विष असतं, आणि ते बसलेले खडक कधीही उकळू नयेत.

कायदा पाळलात तर दिव्याचा खर्चही आपोआप खाली येतो, हे फारसं कुणी सांगत नाही. भारी दिवे मुख्यतः फांद्यांच्या टणक प्रवाळांसाठी असतात. तीच ठेवायची नसतील, तर त्या दिव्याची गरज काय?

दुकानात पहिला प्रश्न ‘किती वॅटचा देऊ?’ असा येतो. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. प्रकाश किती देतो आणि तो टाकीच्या तळापर्यंत किती पोचतो, हे त्यावरून कळत नाही. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲपही इथे फसवं ठरतं. लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात, आणि आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला तेज, निळ्याला मंद. शैवालांचं काम मात्र निळ्यावर उत्तम चालतं. त्यासाठी ‘पार’ हे माप आहे. 400 ते 700 नॅनोमीटर लांबीच्या लहरींच्या प्रकाशाचे किती कण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, ते हे माप मायक्रोमोलमध्ये सांगतं. उष्ण प्रदेशात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठावर हा आकडा 2000 च्या आसपास असतो. मशरूम आणि झोअँथिडांना 50 ते 100 पुरतो, लेदर कोरलला थोडा जास्त. दिव्याच्या कंपनीकडे पाण्यातल्या वेगवेगळ्या खोलीवरचे पारचे आकडे मागा. तो तक्ता नसेल तर तो दिवा घेऊ नका, किंमत कितीही उतरवून मिळाली तरी.

गोड्या पाण्यातल्या वनस्पतींचा दिवा इथे लावू नका. त्यात तांबडा भाग जास्त असतो आणि काचेवर, खडकावर नको ते शेवाळ माजतं. निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येईल असा दिवा बघा. तीन फुटी टाकीला मधोमध एक जोरदार दिवा लावला तर मध्ये भाजतं आणि कडेला अंधार राहतो. त्याऐवजी दोन लहान दिवे घ्या. प्रकाश पसरतो, सावल्या तुटतात, आणि एक बंद पडला तरी टाकी अंधारात जात नाही.

आपल्या भागातल्या एप्रिल-मेचा विचार तर आधीच करा. या जिवांना पाणी 25 ते 27 अंशांवर हवं. जुना 250 वॅटचा मेटल हॅलाइड स्वस्तात मिळतो म्हणून कुणी गळ्यात मारेल. रोज दहा तासांना अडीच युनिट, महिन्याला 75 युनिट, आणि वर पाणी तापवणार. 100 वॅटच्या एलईडीला तेच 30 युनिट पडतात. एलईडीची उष्णता वरच्या बाजूला निघते. टाकीवर मात्र काचेचं झाकण नको, त्याने पाण्याची उष्णता अडते; जाळी ठेवा. पाण्यावर छोटा पंखा सोडला की पाणी थंड राहतं, पण उडतंही. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, बोअरच्या क्षारयुक्त पाण्याची नव्हे.

वीज गेली की घाबरून इन्व्हर्टरला दिवा जोडू नका. दिवसभर दिवा नसला तरी हे जीव मरत नाहीत. लाटा करणारा पंप आणि हवेचा पंप थांबले तर मात्र काही तासांत प्राणवायू संपतो. बॅटरी त्यांच्यासाठी राखा. मीठपाणी आणि वीज यांची गाठ पडली तर जीव जातो, म्हणून या जोडणीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या, आणि प्रत्येक वायर प्लगच्या आधी खाली झोका देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी जमिनीवर गळेल, प्लगमध्ये जाणार नाही. या कामाला घरचा हौशी हात नको, वायरमन बोलवा.

नवा दिवा आला की पहिल्याच संध्याकाळी पूर्ण जोरात लावून बघायचा मोह होतो. तो आवरा. रोपवाटिकेतलं रोप शेडनेटमधून काढून थेट उन्हात आपण लावत नाही, आधी त्याला उन्हाची सवय करतो. इथेही तसंच. जुन्या ट्यूबवरून एलईडीवर येताना तीस-चाळीस टक्क्यांवर सुरू करा, रोज आठ तास, आणि आठवड्याला पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. मशरूम कडा आत ओढू लागला किंवा रंग फिका पडला, तर एक पायरी मागे या. झोअँथिड देठ लांब करून वर ताणू लागले, तर त्यांना उजेड कमी पडतोय. अशी लक्षणं पाहून दिवा कमी-जास्त केला, तर पंधरा दिवस तेवढ्यावरच थांबा. त्या काळात खाणं, पाण्याच्या खारटपणाची पातळी, पंपाची दिशा यांतलं काही हलवू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळायचं नाही.